सुटकेनंतरचे पहिले तीन महिने : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कारागृहातून सुटणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी संस्थांना मिळणाऱ्या अनुदानाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी मे महिन्यात येरवडा कारागृहातून एक सुतार सुटला. नऊ वर्षं आत होता. मधे एकदाही संचित रजेवर किंवा पॅरोलवर, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या सुट्टीवर, घरी आला नव्हता, कारण त्याला जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. अटक डिसेंबरातली, म्हणून गोदामातून परत मिळालेल्या कपड्यांत एक जाड स्वेटर होता. तो स्वेटर छातीशी धरून तो दरवाजाबाहेर आला. नगर रोडला पोचलो तेव्हा डोक्यावरून मेट्रो गेली. तो थबकला. "ताई, हे कधी झालं?" एवढंच म्हणाला. टपरीवर चहा घेतला, पण रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी "चला" म्हणेपर्यंत हलला नाही.

रात्री आमच्या खोलीत त्यानं दिवा मालवू दिला नाही. बरॅकमधला दिवा रात्रभर चालू असतो. पहाटे साडेपाचला आमचा कार्यकर्ता उठला तेव्हा हा माणूस चादरीची चौकोनी घडी करून तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. गिनतीची, म्हणजे कैद्यांच्या रोजच्या मोजणीची, वाट बघत.

मी येरवडा भागात एका छोट्या संस्थेत चौदा वर्षं काम करते. सुटलेल्या माणसाला दरवाजावर भेटायचं आणि पुढचे तीन महिने त्याच्यासोबत राहायचं, हे आमचं काम. अर्थसंकल्पाची तयारी सुरू असताना हे पत्र लिहिते आहे, कारण माझं मागणं पैशाचं आहे. रक्कम वाढावी असं मला वाटतंच, पण त्याहून जास्त बोलायचंय ते हा पैसा कशावर आणि कधी खर्च होतो याबद्दल.

त्या सुताराचंच पुढचं सांगते. हाताला काम होतं. कारागृहाच्या कारखान्यात शिकलेलं लाकूडकाम इतकं स्वच्छ, की हडपसरच्या एका फर्निचरवाल्यानं नमुना बघून लगेच होकार दिला. पगार मात्र बँकेत जमा होणार, म्हणून खातं हवं. खात्याला केवायसी हवी. आधार होतं, पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर तो आत असताना बंद पडून दुसऱ्या कुणाच्या नावावर गेला होता. ओटीपी जायचा त्या अनोळखी माणसाकडे. नंबर बदलायला आधार केंद्रावर जायचं, तिथली तारीख मिळवायची, रांगेत उभं राहायचं. भाड्यानं खोली बघितली तर घरमालकाला भाडेकरू पडताळणी हवी, आणि मागचा पत्ता काय लिहायचा, या प्रश्नाशी हा माणूस येऊन अडला. पुढे कामाच्या मालकानं चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तेव्हा तो आमच्या ऑफिसात येऊन म्हणाला, "ताई, आत बरं होतं." मी हे वाक्य चौदा वर्षांत पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी पोटात कालवतं.

हे सगळं सुटायला पाच आठवडे लागले. सुटलं, कारण आमचा कार्यकर्ता त्याच्याबरोबर प्रत्येक रांगेत उभा होता, फर्निचरवाल्याशी बोलला, घरमालकाला स्वतःचा नंबर देऊन आला. आज तो सुतार कामावर आहे.

महोदय, या पाच आठवड्यांत सरकारी अनुदानातला एक रुपयाही कामी आला नाही. अनुदान होतं. पण ते होतं साहित्यासाठी, प्रशिक्षणासाठी आणि कार्यक्रमांसाठी. शिलाई मशीन घेता येत होतं, प्रशिक्षणाला येणाऱ्यांना किट देता येत होतं, मेळाव्याचा मांडव आणि बॅनर बसत होते. माणसाचं मानधन त्यात बसत नव्हतं. रक्कम आली तीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. चार दिवसांत कुणाचं पुनर्वसन होतं? चार दिवसांत मशीन विकत घेता येतं, म्हणून मशीन घेतलं जातं. आमच्या कोपऱ्यात अशी दोन मशीनं झाकून ठेवलेली आहेत.

त्याच वर्षी आमच्या त्या कार्यकर्त्याचा पगार चार महिने थकला. घरात लहान मूल. तो विम्याच्या कंपनीत गेला, आणि मी त्याला अडवू शकले नाही. सोबत करण्यासाठी त्याच्याकडे तेव्हा सुटून आलेला बाविशीचा एक मुलगा होता. चोरीच्या केसमध्ये जामिनावर सुटलेला, अजून दोषी ठरलेला नाही, म्हणजे आतल्या भाषेत कच्चा कैदी. कार्यकर्ता त्याला दर तारखेच्या आदल्या दिवशी फोन करायचा आणि सकाळी शिवाजीनगर कोर्टाच्या गेटवर भेटायचा. फोन थांबले. मुलगा मार्केट यार्डात हमाली करत होता, एक तारीख चुकली, मग भीतीनं दुसरीही चुकवली. वॉरंट निघालं आणि तो परत आत गेला. त्यानं नवा गुन्हा केला नव्हता. दोन तारखा चुकवल्या होत्या. याची जबाबदारी मी माझ्यावरही घेते. त्या आठवड्यात मी स्वतः फोन करायला हवे होते, आणि मी निधीसाठी अर्ज लिहीत बसले होते.

या मुलासारखे थोडेथोडके नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते; चारांतले तीन. पुनर्वसनाची मदत मात्र शिक्षा भोगून सुटलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. त्या मुलासाठी केलेला आमचा अर्ज "न्यायाधीन असल्याने पात्र नाही" अशा शेऱ्यानं परत आला होता. जो निर्दोष असू शकतो, त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना २०२३ मध्ये आली, तेव्हा तिच्यात जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची तरतूद होती. राज्य सहकारी बँकेनं १ मे २०२२ ला याच येरवड्यात 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू केली : ५०,००० रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही, हप्ता आतल्या मजुरीतून. कैद्यावर बँकेनं असा विश्वास टाकावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानाच्या काळापासून कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. तुटतं ते दरवाजाबाहेर. आत असेपर्यंत माणूस गृह विभागाचा, बाहेर पडला की परिविक्षा आणि अनुरक्षणाचं, म्हणजे सुटलेल्यावर देखरेख ठेवण्याचं आणि त्याला उभं राहायला मदत करण्याचं, काम महिला व बालविकास विभागाचं. दोन्हीकडची मुख्यालयं पुण्यातच आहेत, तरी सुटणाऱ्याची माहिती त्याच्याआधी पलीकडे पोचलेली मी क्वचितच बघितली आहे. कारागृह सुधारणांसाठी नेमलेल्या न्या. मुल्ला समितीचं १९८३ सालच्या अहवालात अनुरक्षणाबद्दल सांगून झालंय, २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. नवी समिती नेमायची गरज नाही.

माझं मागणं असं आहे. अनुदानाचा मोठा हिस्सा सोबत करणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनासाठी राखून ठेवा आणि ते दरमहा द्या, वर्षाचा पहिला हप्ता एप्रिलमध्येच. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, तेव्हा कार्यकर्त्याला तीन महिने आधी आत जाऊन भेटू द्या. आधार, बँक खातं, मोबाईल नंबर ही कामं आत असतानाच उरकतील. जामिनावर सुटलेल्यांनाही यात घ्या. आणि आमचा हिशेब मागाल तेव्हा किती मेळावे घेतले हे विचारू नका. किती जणांना राहायला खोली मिळाली, किती जणांच्या हातात कागद आले, किती तारखा चुकल्या नाहीत, हे विचारा. या हिशेबात आम्ही कमी पडलो तर अनुदान बंद करा, माझी तक्रार नसेल.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. पुरुष सुटतो तेव्हा निदान आई तरी दारात येते. बाईला न्यायला बहुतेक वेळा कुणी येत नाही. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ आत राहू शकतं, पुढे ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं. सुटल्यावर पहिल्याच दिवशी ती त्या मुलाचा पत्ता विचारते. मूल तिच्याकडे परत यायला घर लागतं आणि घर मिळेपर्यंत महिने जातात. तिच्यासाठी तीन महिने पुरत नाहीत, वर्ष धरा.

मला नेहमी विचारतात, ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय? प्रश्न योग्य आहे. पीडितांच्या भरपाईत कपात करून आम्हाला पैसे द्या, असं मी कधीच म्हणणार नाही. त्या सुतारानं ज्या घराचं नुकसान केलं, तिथली एक बाई मला भेटली होती. ती म्हणाली, "त्यानं परत कुणाच्या घरात असं करू नये, एवढं बघा." आमचा कार्यकर्ता तेच बघत होता.

येरवड्याचा तुरुंग १८७१ साली उभा राहिला. त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या मुक्त झाल्या, पण आजही पारधी समाजातला पोरगा सुटून वस्तीवर गेला की पहिल्या चोरीला पोलीस त्याच्याच पालावर येतात. अशा पोरासोबत चौकीवर जाऊन बसणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम कुठल्याही साहित्याच्या यादीत मावत नाही.

येत्या गुरुवारी एक ताई सुटणार आहेत. गाव लांबचं, माहेर तुटलेलं, मुलगी आठ वर्षांची. त्यांच्यासाठी विश्रांतवाडीला खोली बघितली आहे, एका महिन्याचं भाडं वर्गणीतून जमलंय. त्यांच्यासोबत राहायला जी मुलगी मी नेमली आहे, तिला मी जूनपर्यंतच्या पगाराचा शब्द दिलाय. जुलैचा देता आलेला नाही. आपल्या विभागातला कुणी अधिकारी गुरुवारी दरवाजावर आला आणि पुढे तीन महिने आमच्या वहीवर नजर ठेवून राहिला, तर मी वही उघडी ठेवीन.

आपली विश्वासू,
एक कार्यकर्ती
येरवडा, पुणे