ट्रेमेतल्या दादांना, सुईत दोरा ओवून दिल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीतच लिहितेय. तुमच्या भाचीला इंग्रजीत करून पाठवणारच आहे, ती तुम्हाला वाचून दाखवेल. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं वाटतं. न्यू ऑर्लिन्सला जाणारी आपली मंडळी बर्बन स्ट्रीटवर फोटो काढतात, कॅफेत साखर भुरभुरवलेले बेन्ये खातात आणि रँपार्ट स्ट्रीट न ओलांडताच परत फिरतात. तुमची ट्रेमे त्या रस्त्याच्या पलीकडे सुरू होते. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. गुलामगिरी कायदेशीर होती त्या काळातही इथे स्वतंत्र काळ्या माणसांनी स्वतःच्या पैशांनी जागा घेतल्या, घरं बांधली.

आम्हालाही रँपार्टच्या अलीकडेच थांबवायला बरेच जण बसले होते. ह्यूस्टनला भावाकडे ओळखीचे एक गृहस्थ जेवायला आले होते. म्हणाले, "तिकडे त्या लोकांची वस्ती आहे, आईंना घेऊन कुठे जाताय?" हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने नकाशावर पेनाने गोल काढून दिला आणि गोलाच्या बाहेर सरळ फुली मारली. त्यातून मी पायी फिरवणारी एक सहल घेतली. आईचा गुडघा दुखतो, सावकाश चालावं लागेल, हे पैसे भरतानाच सांगितलं होतं. "काही काळजी करू नका" असं उत्तरही आलं होतं. रँपार्ट ओलांडल्याबरोबर लागणाऱ्या आर्मस्ट्राँग पार्कातल्या काँगो स्क्वेअर या मैदानात आई बाकावर जरा टेकली, तेवढ्यात गाइड सगळ्यांना घेऊन पुढे निघून गेला. मी हाक मारली. त्याने हात हलवला आणि गेला. त्या उन्हात आई बाकावर बसलेली, तोंड लाल झालेलं, आणि "माझ्यामुळे तुझं राहिलं" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं.

पार्काच्या मागच्या बाजूने बाहेर पडून सावली शोधत आम्ही तुमच्या गल्लीत आलो. अरुंद तोंडाची, एकामागे एक खोल्या असलेली तुमच्याकडची ती घरं, रस्त्याला लागून ओसऱ्या. तुम्ही ओसरीवर शिवत बसला होतात. कोण, कुठले, इथे काय करताय, यातलं काहीही न विचारता उठलात आणि स्वतःची खुर्ची आईला दिलीत. आतून बर्फाचं पाणी आणलंत. एवढं केलं असतंत तरी मी जन्मभर उपकार मानले असते.

पण पाणी पिऊन झाल्यावर आईचं लक्ष तुमच्या चौकटीकडे गेलं. लाकडी चौकटीवर ताणलेलं कॅनव्हास, त्यावर पेनाने काढलेलं चित्र आणि चित्राच्या रेषा धरून एकेक ओळ टाचत गेलेले बारीक मणी. आईने आयुष्यभर मण्यांची तोरणं केली, दादा. आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात. गल्लीतल्या निम्म्या मुलींच्या रुखवतात आईच्या हातचा मण्यांचा मोर असायचाच. डोळे अधू झाले आणि तिने सगळे डबे माळ्यावर टाकले. तुमच्या त्या ओळींवरून तिने बोट फिरवलं. एक मणीही उचकलेला नव्हता. इंग्रजी तिला येत नाही. तिने नुसती अंगठा आणि पहिलं बोट जुळवून सुई धरल्याची खूण केली.

तुम्ही हसला नाहीत. कौतुकाचे शब्द बोलला नाहीत. नवा दोरा तोडलात, मेणावर ओढलात, चष्मा कपाळावर सरकवून उजेडाकडे धरून सुईत ओवलात, गाठ मारलीत आणि सुई तिच्या तळहातावर ठेवलीत. मग चौकट तिच्याकडे वळवून रिकामा कोपरा दाखवलात. दोरा तिला ओवता येणार नाही हे तुम्हाला कसं कळलं, मला माहीत नाही. तिने मागायच्या आधी तुम्ही ते केलंत, त्यामुळे "मला दिसत नाही" असं तिला म्हणावंच लागलं नाही. दोरा संपला की तुम्ही दुसरी सुई तयार ठेवलेली असायची. दोघं समोरासमोर बसून शिवत राहिलात आणि मी पायरीवर बसून बघत राहिले. शेवटी तिच्या ओळीवरून अंगठा फिरवून तुम्ही म्हणालात, "हे राहणार." मी भाषांतर केलं, पण आईला ते आधीच कळलं होतं.

तुम्ही शिवत होतात तो मार्डी ग्राचा, म्हणजे तुमच्याकडच्या कार्निव्हलच्या सणाचा पोशाख. त्याचा रंग किंवा चित्र इथे लिहीत नाही. मार्डी ग्राच्या सकाळपर्यंत ते घराबाहेर फुटू नये, फोटो काढू नका, असं तुम्ही सांगितलं होतंत. आम्ही काढला नाही. ज्यांना तासाभरापूर्वी ओळखतही नव्हतात त्यांना वर्षभराचं गुपित उघडं करून दाखवलंत, याचं मोल मला पुढे कळलं.

तुम्हीच पाठवलंत म्हणून आम्ही बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम पाहिलं. सिल्वेस्टर फ्रान्सिस यांनी 1999 मध्ये ते एका जुन्या अंत्यविधीगृहात सुरू केलं होतं. 2021 च्या आयडा वादळात त्या इमारतीचं नुकसान झालं आणि म्युझियम सेंट फिलिप स्ट्रीटवर आलं. तिथे पोशाख उभे केलेत. पिसं, मणी, खडे, काहींचं वजन शंभर पौंडांच्या वर. पळून आलेल्या गुलामांना मूळनिवासी जमातींनी आसरा दिला, त्याची आठवण म्हणून काळी माणसं मार्डी ग्राला हे पोशाख घालतात. दरवर्षी नवा, तोही स्वतःच्या हातांनी शिवलेला. अशा पोशाखवाल्यांच्या एका मंडळाचे चीफ, म्हणजे प्रमुख, टूटी मोंटाना यांच्याबद्दल तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. दिवसा भिंतींवर गिलाव्याखालची पट्ट्यांची जाळी ठोकायचं काम, आणि रात्री शिवण. असं त्यांनी पन्नासच्या वर वर्षं केलं. 2005 च्या जूनमध्ये पोलिसांनी तुमच्या माणसांना दिलेल्या वागणुकीबद्दल नगर परिषदेसमोर बोलता बोलता ते कोसळले आणि गेले. आई ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "कारागीर माणूस. उभ्यानं गेला."

सोशल एड अँड प्लेझर क्लबांचं ऐकून तिला तिचे वडील आठवले. काळ्या माणसांना विमा मिळत नव्हता तेव्हा तुमच्या मंडळांनी वर्गणी काढून आजारपण आणि अंत्यविधी पार पाडले, शेवटच्या प्रवासाला बँडही दिला. लालबागच्या चाळीत कोकणातल्या गावांची मंडळं होती. आजोबा गिरणीत होते, आणि ते गेले तेव्हा सगळं गावच्या मंडळानेच केलं होतं. हे मी तुम्हाला त्या दिवशी नीट सांगू शकले नाही, म्हणून आता लिहितेय.

जेवायला कुठे जाऊ विचारल्यावर तुम्ही ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवरचं डूकी चेज सांगितलंत. आई गोमांस खात नाही हे कळल्यावर लगेच म्हणालात, "मग गंबो नको, त्या रश्श्यात सॉसेज असतं. कोळंबी क्लेमान्सो मागवा." आमच्या मालवणी आईला कोळंबी म्हटल्यावर काय हवं! बटाटे, मटार, मश्रूम आणि भरपूर कोळंबी. तिने ताट पुसून खाल्लं. 1941 पासूनचं ते हॉटेल. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसणं कायद्याने गुन्हा होता तेव्हा लिआ चेजबाई वरच्या मजल्यावर नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मंडळींना जेवू घालत होत्या. 2019 मध्ये त्या गेल्या. भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रं आहेत, जेवण थांबवून बघावीत अशी.

परतीच्या वाटेवर क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरून जाताना भावाला मी गाडी थांबवायला लावली. ह्यूस्टनहून आम्ही आय-10 महामार्गाने आलो, आणि तोच महामार्ग तिथे खांबांवरून तुमच्या वस्तीच्या डोक्यावर चढवलाय. 1966 मध्ये त्यासाठी ओकची झाडं तोडली, दोन्ही बाजूंची काळ्या माणसांची दुकानं त्यानंतर बसली. आता काही खांबांवर ओकची झाडं रंगवलेली आहेत आणि मार्डी ग्राला माणसं अजून त्याच पुलाखाली जमतात. येताना आम्ही त्यावरून सुसाट आलो होतो. खाली काय होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सेंट ऑगस्टिन चर्चच्या भिंतीला लागून असलेला तो क्रूसही पाहिला. जाडजूड साखळदंडांचा, त्याला लटकवलेल्या बेड्या, निनावी गुलामांच्या आठवणीसाठी. आईने चपला काढून हात जोडले.

आता माझ्या माणसांसाठी थोडं. होमर प्लेसी हा ट्रेमेतला चांभारकाम करणारा माणूस. 1892 मध्ये तो रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला, अटक करून घेतली, आणि 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. वेगळं बसवणं कायदेशीर ठरलं. पाणवठ्यावर वेगळं ठेवलेल्यांच्या देशातून आलेलो आपण. चवदार तळं आपल्याच महाडात आहे. तरी परदेशात पाऊल टाकल्यावर आपल्यातले कितीतरी जण सगळ्यात आधी "त्या लोकांपासून जपून" एवढंच शिकतात आणि नव्याने आलेल्यांना तेच शिकवतात. मला याची चीड येते. पैसे घेणाऱ्या गाइडने आम्हाला उन्हात सोडलं. फुली मारलेल्या बाजूला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, आईला तिचं काम परत मिळालं. आणि हे करताना तुम्ही आमच्यावर उपकार करताय असं एकदाही जाणवू दिलं नाहीत. साधी, सरळ माणुसकी. ती शिकवायला तुम्हाला कुणी गाइड लागला नाही.

भारतात परत आल्यावर आईने माळ्यावरचे डबे खाली काढायला लावले. दोरा आता माझा मुलगा ओवून देतो, पाच-सहा सुया एकदम, तुम्ही ठेवायचात तशा तयार. पुण्याला आलो तेव्हा रविवार पेठेत बोहरी आळीतून तिने तुमच्यासाठी काचेचे मणी घेतले आहेत. दुकानदाराने सगळे रंग मांडले होते. पुढच्या वर्षी तुम्ही कुठला रंग करणार हे विचारायचं नसतं, म्हणून तिने पांढरे घेतले. ते कुठल्याही रंगात बसतात म्हणाली. पुडकं पोस्टात टाकलंय. मिळालं की भाचीला कळवायला सांगा, आई रोज विचारते.

तुमची कृतज्ञ,
ओसरीवर आलेल्या त्या आजींची मुलगी