बेपत्ता सैनिकाच्या पत्नीसाठी कोणता शब्द?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विजय दिनानिमित्त १६ डिसेंबर रोजी आपण प्रसिद्ध केलेली १९७१ च्या युद्धावरील पुरवणी वाचली. नकाशे, रणगाडे, ढाक्यातील शरणागतीचे छायाचित्र, सारे नेटके आहे. मात्र शेवटच्या पानावरील चौकटीत त्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या पत्नींचा उल्लेख सरसकट ‘वीरपत्नी’ असा झाला आहे आणि केवळ त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे हुतात्मा जवानाच्या विधवेला वीरपत्नी म्हणण्याचा प्रघात आहे. बेपत्ता जवानाच्या पत्नीला तोच शब्द लावला की तिच्या नवऱ्याच्या मृत्यूवर आपण परस्पर शिक्कामोर्तब करतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी वाचकांना अपरिचित नसावे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करण्यास गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, माहेरच्या सुभेदार, या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. युद्धाच्याच दिवसांत एका पाकिस्तानी वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी छापली आणि तीत त्यांच्या आडनावाशी जुळणारे नाव होते. एवढ्या धाग्यावर, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात नोकरी करीत, या बाईंनी मंत्रालयांचे आणि दूतावासांचे उंबरठे झिजवले. २००७ च्या जूनमध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहण्याची परवानगी मिळाली, ती तब्बल ३५ वर्षांनी, आणि तेथूनही सारे रिकाम्या हातांनी परतले. असे कोणी कैदी आपल्या ताब्यात नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर आजवर राहिले आहे.

त्याच युद्धात, त्याच जातीच्या विमानातून पडलेले वैमानिक दिलीप पारुळकर रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले, तेथून दोन साथीदारांसह पळाले, थेट अफगाण सीमेच्या तोंडाशी पुन्हा पकडले गेले आणि तरीही १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यावरून मायदेशी आले. त्यांचे नाव कैद्यांच्या यादीत होते, हाच काय तो फरक. यादीत असलेला कैदी कितीही धाडसी असो, त्याची अदलाबदल होते. यादीत नसलेल्याची मागणीच करता येत नाही. पुढे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपण परत केले, तेव्हाही हे गाडे इथेच अडले.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून या यादीच्या प्रश्नाची एक बाजू मला अधिक जवळची वाटते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी एक कार्ड पाठवू दिले पाहिजे. पुढे दरमहा किमान दोन पत्रे आणि चार कार्डे हा त्याचा हक्क आहे. या टपालाला तिकीट लागत नाही. बिनतिकिटाचे पाकीट दिसले की दुप्पट आकार वसूल करायला शिकवलेल्या आम्हा लोकांना ही सवलत अप्रूपाची वाटे. ज्याचे कार्ड येते त्याची पत्नी कैद्याची पत्नी ठरते. ज्याचे येत नाही, तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही.

१९७२ साली मी सातारा जिल्ह्यातील एका पोस्टात नवखा कारकून होतो. सकाळच्या एसटीने टपालाची थैली येई. ती फोडण्याच्या वेळेला आमच्या पेठेतील एक बाई कट्ट्याशी येऊन उभ्या राहत. यजमानांच्या जुन्या अंतर्देशीय पत्रांवर पत्ता म्हणून ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढेच असे. गाव नाही, जिल्हा नाही. ‘त्या नंबराचं काही आलंय का बघा भाऊ,’ एवढेच त्या विचारीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे की नाही, यावर बायकांमध्ये कुजबुज चाले. एका घरून बोलावणे यायचे, शेजारच्या घरून नाही. पुढे थकबाकीसाठी एका सरकारी कचेरीने त्यांच्यापुढे कागद ठेवला, पती मृत झाल्याचे मान्य आहे, अशा मजकुराचा. त्यांनी दोनदा तो सहीविना परत केला. तिसऱ्या वेळी, थोरल्याची शाळेची फी तुंबली म्हणून, सही केली आणि त्याच दिवशी कपाळावर नेहमीचे ठसठशीत कुंकू लावून पोस्टात आल्या.

सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात नाही, असे कायद्याला धरून चालता येते, आणि पेन्शनच्या सोयीसाठी ते आवश्यकही आहे. परंतु ही सोय आहे, माहिती नव्हे. खुद्द केंद्र सरकारनेच १९७९ मध्ये लोकसभेत पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे समजले जाणाऱ्या चाळीस जणांची नावे दिली होती. पुढे हा आकडा ५४ असा रूढ झाला. ज्या राज्यकर्त्यांनी एका हाताने पेन्शनचा कागद आणि दुसऱ्या हाताने ही यादी पुढे केली, त्यांच्यापेक्षा त्या बाईंचे वागणे मला अधिक सुसंगत वाटते.

माझी मागणी लहान आहे. या बायकांना आपल्या वृत्तपत्राने ‘बेपत्ता सैनिकाच्या पत्नी’ असेच लिहावे, मग ते मथळ्यात बसायला लांब का होईना. आणि पुढच्या डिसेंबरच्या पुरवणीत शरणागतीच्या छायाचित्राशेजारी या ५४ जणांची नावे, हुद्दे आणि ते कोठे व कोणत्या दिवशी शेवटचे दिसले, एवढे अर्धे पान द्यावे. जाहिरातीमुळे जागा कमी पडत असेल, तर माझे हे पत्र छापले नाही तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा