कापडी डायपर गळतो, त्याची कारणं मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत लहान मुलांच्या डायपरवर लेख आला होता. कापडी डायपर गळतात, चालत्याफिरत्या मुलाला ते पुरत नाहीत, एवढं सांगून लेख पुढे गेला. मी अमळनेरला राहते, घरीच शिवणकाम करते आणि माझा मुलगा १७ महिन्यांचा आहे. दीड महिना मीही हेच म्हणत होते. आता म्हणत नाही, म्हणून हे पत्र.

सहा डायपर मी मागवले ते चौदा ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे बाजूला ठेवून. वरून रंगीत कव्हर, त्याला आतून पाणी न झिरपणारा पातळ थर, खिशात सारायचं जाड पॅड आणि पुढे टिचबटणांच्या रांगा. पॅडला ते लोक इन्सर्ट म्हणतात. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात पोराची चड्डी ओली झाली. सोबत एक कार्ड आलं होतं, सगळं इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मी बारावी शिकले आहे, तरी त्यातलं अर्धं मला लागलं नाही.

वैशाखात धुळ्याला चुलत नणंदेचं लग्न होतं. एसटीत तासभर पोरगा मांडीवर झोपला आणि स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या साडीवर ताटलीएवढा ओला डाग. मांडवात बायका म्हणाल्या, ‘हा मुततोच फार.’ त्याच्या तोंडावर म्हणाल्या. एवढ्या मुलाला सगळे शब्द कळत नसतील, पण आपल्याबद्दल नाराजीने बोलतात हे त्याला बरोबर कळतं. तो माझ्या पदरात तोंड घालून बसला. मला फार लागलं ते. परतीच्या गाडीत मी ठरवलं, पोराला बोल लावायचा नाही, गळती शोधायची. उसवलेलं कुठून उसवलं ते आम्ही शिवणाऱ्या बायका रोज शोधतो, मग हे का सापडू नये?

घरी आल्यावर धुऊन वाळवलेलं एक पॅड टेबलावर पसरलं आणि चमच्याने पाणी सोडलं. पाणी आत गेलंच नाही. थेंब गोळा होऊन वर उभे राहिले आणि पॅड जरा तिरकं केलं तसे घरंगळून कडेला आले. दुसरं पॅड घेतलं, तिसरं घेतलं, सगळ्यांची तीच गत. मग घरातलं फरशी पुसायचं जुनं फडकं आणून त्यावर तेवढंच पाणी सोडलं. चमचा उचलायच्या आत ते पिऊन मोकळं झालं. म्हणजे नवं कापड फरशीच्या फडक्यापेक्षाही कमी पाणी घेत होतं. मी दीड महिना पोराला जवळजवळ मेणकापडच नेसवत होते.

आमच्या आजेसासूबाई दारात बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘तेलना फडकाले पानी कसं लागी व माय?’ आणि माझ्या हाताकडे बोट दाखवलं. खरंच होतं. रोज सकाळी पोराला तिळाच्या तेलाने मालिश, आणि त्याच तेलकट हाताने मी पॅड कव्हरात सारायची. अंग पुसलेलं तेलाचं दुपटं आणि डायपर एकाच बादलीत भिजायचे. जांघेत लाल झालं की वरून मलमाचा पांढरा थर. तेल काय, मलम काय, दोन्ही कापडाच्या धाग्याला धरून बसतात आणि पाण्याला आत येऊ देत नाहीत. मालिश आपल्याकडे कुणी सोडणार नाही, सोडूही नये. पण मालिश आणि डायपर यांच्यामध्ये आंघोळ पाहिजे, हात साबणाने धुतलेले पाहिजेत, तेलाच्या कपड्यांची बादली वेगळी पाहिजे. मलम लावायचंच असेल तर पॅडवर मलमलचा एक पातळ तुकडा टाकावा आणि तोही वेगळा धुवावा. एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर दीड महिन्याची धुणी वाचली असती.

दुसरं कारण पाण्याचं, आणि खान्देशात ते घरोघरी लागू पडेल असं मला वाटतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून धुणं बोअरच्या पाण्यावर. या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस धरत नाही. साबणाची वडी घासली की बादलीत राखट साय तरंगते. ती साय म्हणजे साबण आणि पाण्यातले क्षार मिळून झालेला चिकटा. तो निथळून जात नाही, कापडात बसतो, धुण्यागणिक वाढतो. त्यावर मी कापड मऊ राहावं म्हणून सुगंधी कंडिशनर घालत होते. कंडिशनरचं कामच धाग्यावर गुळगुळीत थर चढवण्याचं. साडीला तो चालतो, डायपरला चालत नाही.

यावर मी केलं ते असं. कव्हरं बाजूला काढली आणि फक्त पॅडं घेतली. हात जेमतेम घालता येईल इतकं कढत पाणी, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) आणि नेहमीची धुण्याची पावडर. रात्रभर भिजवलं. सकाळी पाणी गढूळ, वर तेलाची तवंग. मग नळाच्या पाण्यात खळबळून काढत राहिले, पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत. सात वेळा पाणी बदलावं लागलं. उन्हात वाळवून पुन्हा चमचा घेतला. थेंब पडला आणि कापडात उतरला. मी आजेसासूबाईंना हाक मारून दाखवलं.

डायपरसोबत आलेली पॅडं सुधारली. दोन मात्र सुधारली नाहीत. ती सुती होती, मी नंतर वेगळी घेतलेली, अजून नवी कोरी. त्यांचं उत्तर माहेरी मिळालं. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, कापसाचं घर. लहानपणी आम्ही सरकीसकट कापूस हौदात टाकायचो आणि तो तासन् तास वर तरंगायचा. कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गाचाच मेणासारखा थर असतो. दवाखान्यातला कापूस पाण्यात टाकताच बुडतो, कारण तो थर कारखान्यात उकळून काढलेला असतो. विणलेल्या नव्या सुती कापडातही त्याचा अंश राहतो. म्हणून नवं सुती पॅड चार-सहा वेळा गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच वापरायचं. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलीला हे सुचायला दीड महिना लागला, याचं मला वाईट वाटतं. पण आपल्या शेतातल्या वस्तूचा हा गुण इथल्या बाकीच्या आयांनाही माहीत व्हावा, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मापाचं बोलायचं तर ते माझं रोजचं काम, तरी मी चुकले. मांडीचं इलास्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे. मूल उभं राहिलं, बसलं, तरी तिथे फट पडता कामा नये. कमरेला दोन बोटं जातील इतकं सैल. मूल चालायला लागलं की मांड्या बारीक होतात आणि उंची वाढते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं टिचबटण आता चालत नाही. पॅडची कड कव्हरातून बाहेर डोकावत असेल किंवा झबलं आत खोचलं गेलं असेल, तर दिव्याची वात तेल ओढते तसं ते कापड ओल बाहेर ओढतं. आई म्हणते डायपर भरला, आणि डायपर अर्धा कोरडाच असतो.

एसटीतली गळती या कशातच बसत नव्हती. ती निघाली मायक्रोफायबरची, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्याच्या कापडाची. त्याचं पॅड पाणी पटकन घेतं पण स्पंजासारखं, दाबलं की सोडून देतं. तासभर मांडीवर दाबलं गेलं, सोडलं. त्याच्याखाली सुती कापडाची घडी घातली की वरचं पॅड पटकन ओढतं आणि खालचं धरून ठेवतं. मायक्रोफायबर मात्र कातडीला थेट लावू नये, ते अंगातली ओल ओढून कातडी कोरडी करतं. घडीसाठी मी आजेसासूबाईंचं जुनं सुती लुगडं फाडलं. त्यांनीच काढून दिलं. चाळीस वर्षं धुतलेलं ते कापड जितकं पाणी धरतं तितकं बाजारातलं एकही पॅड धरत नाही. आणि दीड वर्षाचं मूल तान्ह्यासारखं थोडंथोडं करत नाही, झोपेतून उठलं की एकदम भरपूर करतं. मुलगा असेल तर घडी पुढच्या बाजूला जाड ठेवावी. दर दोन-तीन तासांनी बदलावंच. एवढं करूनही लाली हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं, घरी प्रयोग करत बसू नये.

कव्हराची एक गोष्ट राहिली. आपल्याकडे बाळाचे कपडे उकळायची रीत आहे. मी दोन कव्हरंही उकळली आणि मेच्या उन्हात पत्र्यावर टाकली. जळगाव जिल्ह्यातला मे म्हणजे ४५ अंश. आतला थर सुटून फुगे आले. तिसऱ्या कव्हराचं सैल इलास्टिक मी मशीनवर बदललं आणि टीप कडेने न घालता मधून, पाणी अडवणाऱ्या थरातून घातली. सुईच्या प्रत्येक भोकातून ओल आली, शिवणीच्या रेषेत, ठिपक्याठिपक्यांनी. पॅडं उन्हात, कव्हरं सावलीत, आणि टीप फक्त कडेने. हे तीन कव्हरं गमावून शिकले.

माझ्या शेजारची सून तीन महिन्यांत कंटाळली आणि तिने सगळे कापडी डायपर भांडीवालीला दिले. आता रोज वापरून फेकायचे पाच डायपर कॅरीबॅगेत भरून जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं आणि त्यासाठी उत्पादकाने पिशवी किंवा वेष्टन द्यावं असंही त्यात होतं. आमच्या गल्लीत अशी पिशवी मी अजून पाहिली नाही. नाल्याच्या काठावर फुगलेले डायपर मात्र रोज दिसतात, कुत्री ते ओढत घरापर्यंत आणतात. त्या सुनेला मी दोष देत नाही. तिच्याही घरी बोअर आहे, तिच्याही बाळाला रोज मालिश होते, आणि तिच्याही पाकिटात इंग्रजी कार्डच होतं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. महाराष्ट्रात कापडी डायपर विकणाऱ्यांनी धुण्याची माहिती मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात द्यावी, आणि त्यात जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्याचा आणि मालिशच्या तेलाचा उल्लेख असावा. आणि आपण पुरवणीत अर्धा रकाना या विषयाला द्यावा. चमचाभर पाण्याची तपासणी अंगणवाडीतही दाखवता येते, त्याला खर्च काही नाही.

माझा मुलगा आता लग्नाकार्यात कोरडा असतो. रात्रीची गळती आठवड्यातून एखाद वेळ अजून होते. त्या पॅडाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा लावते.

आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक आई,
अमळनेर, जि. जळगाव