विषय: पाण्याच्या पंपाचा स्टार्टर पूर्ववत करण्याबाबत (पत्र चौथे)

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यालय, फोंडा

स.न.वि.वि.

या विषयावरचे हे माझे चौथे पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांना उत्तर आलेले नाही. पंपघरात मी ठेवलेली नारळाची सोडणे हलवावीत, हे आपले पत्र मात्र मला दोन दिवसांत मिळाले, शिक्क्यासकट.

गेल्या चवथीला पंपाच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या ‘स्टार’ जोडणीत सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या ‘डेल्टा’त नेणारा) टायमर जळाला. खजिनदारसाहेबांनी आणलेल्या वायरमनने तो काढून टाकला आणि मोटर सरळ डेल्टात जोडून दिली. ‘तात्पुरते आहे’ असे ते म्हणाले. यंदाची गणपतीवरची माटोळी बांधून उतरवून झाली, जोडणी अजून तात्पुरतीच आहे.

मोटर 7.5 हॉर्सपॉवरची, नावपट्टीवर 11 अँपिअर. पण सरळ डेल्टात सुरू केली की वेगात येईपर्यंत अशी मोटर सहा-सात पट करंट ओढते, म्हणजे 66 ते 77 अँपिअर. माझी सदनिका पंपघराला लागून आणि त्याच केबलवर. पंप सुरू झाला की हॉलमधली ट्यूब डोळा मारते, फ्रीजचा स्टॅबिलायझर खट्कन तोडतो, टीव्ही बंद पडून पुन्हा नव्याने सुरू होतो. यावर ‘तुमचा स्टॅबिलायझर जुना झाला’ असे मला जिन्यात ऐकवले गेले. स्टॅबिलायझर मी बदलला. बिल सोबत जोडले आहे.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो. जोरही तेवढाच उरतो, हे खजिनदारसाहेबांचे म्हणणे खरे आहे. मात्र ‘मग पंप ओढणार नाही’ हे खरे नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाचा भार वेगाबरोबर वाढत जातो, सुरुवातीला तो हलकाच असतो. नऊ वर्षे वरची टाकी याच जोडणीवर भरत होती, ती काय कळशीने? टायमरची वेळ तेवढी नीट ठेवावी लागते. मोटर वेगात येण्याआधीच डेल्टा पडला तर दणका जवळजवळ तसाच बसतो. मी 31 वर्षे कारखान्यात हेच काम केले, पण मला कोणी विचारले नाही.

मागच्या सभेत साहेबांनी सॉफ्ट स्टार्टरचे कोटेशन फडकवले, आकडा ऐकून सगळे गप्प झाले आणि विषय मिटला. सॉफ्ट स्टार्टर मी मागितलेलाच नाही. तो व्होल्टेज हळूहळू चढवतो, वस्तू चांगली आहे, पण आपले काम एका टायमरमध्ये भागते. जोडणी बदलणारे तिन्ही कॉन्टॅक्टर पॅनलमध्ये शाबूत आहेत, मी पाहिले आहेत. (सोडणे आणायला गेलो होतो तेव्हा.) पंप बंद होताना पाइपात होणारा धडाका पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा आहे. तो मी स्टार्टरच्या माथी मारत नाही. जे खरे तेच लिहितो.

जिन्यातल्या फलकावर आपल्याच सहीने लिहिले आहे: दुपारी 2 ते 4 शांतता राखावी. पंप रोज अडीचला लागतो. त्याच फलकावरची सामाईक जागेबद्दलची ओळ वेगळ्या विषयाची आहे, ती इथे आणू नये.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि समोरचे निवृत्त मास्तर माझ्याशी पूर्ण सहमत आहेत. वहिनी मुलीकडे वास्कोला गेल्या आहेत आणि मास्तरांचा चष्मा दुरुस्तीला आहे, म्हणून सह्या नाहीत.

मागणी एवढीच: नवा टायमर बसवून जुनी जोडणी परत करावी. ते जमत नसेल तर खजिनदारसाहेबांनी एक दिवस दुपारी अडीचला माझ्या हॉलमध्ये येऊन बसावे. चहा मी करीन, फक्त इंडक्शनवर ठेवणार नाही.

सोडणे येत्या रविवारी हलवतो. तोवर टायमर बसलेला असावा.

आपला,
तळमजल्यावरचा रहिवासी