मोकळे गडी

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर सगळाच विचका झाला. चिऊने "मी रग्बी खेळणार" म्हटलं आणि आई, तू लगेच "पोरीच्या जातीला असले धसमुसळे खेळ कशाला?" म्हणालीस. बाबा तर काही न बोलता उठूनच गेले, मागून फक्त कॉटची कुरकुर ऐकू आली. त्यावर मी नको तेवढं तोंड सोडलं. म्हणून आज साबुदाणा भिजत घालून सकाळी सकाळी लिहायला बसलेय. फोनवर आपण तिघंही एकाच वेळी बोलतो. पत्रात निदान मला मध्ये कोणी तोडणार नाही.

शनिवारी फोन लागत नाही अशी तुमची तक्रार असते ना, त्याचं कारणही हे रग्बीच. मार्चपासून जूनपर्यंत घरचा सामना असला की आम्ही मैदानावर असतो. घरापासून चालत वीस मिनिटांवर वेटरन्स मेमोरियल स्टेडियम आहे. एरवी तिथे शाळांचे फुटबॉल सामने होतात. रग्बीवाले त्याला 'फोर्ट क्विन्सी' म्हणतात. बाबा, सिंहगड पाहिलेल्या माणसाला त्यात किल्ला दिसायचा नाही. लोखंडी बाकडी, खाली गारठा, वर वारा. पण इथल्या रग्बीवाल्यांना तो किल्लाच वाटतो.

संघाचं नाव न्यू इंग्लंड फ्री जॅक्स. जॅक म्हणजे इथला जुना शब्द, साधा कष्टाचा माणूस: लाकूडतोड्या, खलाशी, कोणीही. मी चिऊला त्याचं मराठी करून दिलं, 'मोकळे गडी'. तिला ते इतकं आवडलं की मैदानावर ती तसंच ओरडते. "चला गडी!" शेजारच्या बाकड्यावरच्या आयरिश आजोबांनाही आता ते पाठ झालंय, फक्त 'ड' त्यांना जमत नाही.

खेळ तुम्हाला दोन ओळींत सांगते. एका बाजूला पंधरा गडी, ऐंशी मिनिटं. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने द्यायचा तो फक्त मागच्याला, पुढे फेकलात की चूक. समोरच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण, त्यावर लाथेने गोल साधला तर आणखी दोन. दंडाच्या लाथेला तीन. अमेरिकन फुटबॉलसारखं शिरस्त्राण नाही, चिलखत नाही. आणि अडवायचं ते अंगाला धरून, खांद्याच्या खाली. बाबा, पकडच ती! फरक इतकाच की इथे दम घालवत कोणी 'कबड्डी कबड्डी' म्हणत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांच्या काखेत हात घालून वाकतात. पंच तीन शब्द उच्चारतो, "क्राउच, बाइंड, सेट", आणि सोळा जण एकमेकांवर आदळतात. मार्चच्या थंडीत त्या घोळक्यातून वाफ निघते, चुलीवरच्या पातेल्यातून निघावी तशी. पहिल्या रांगेतले गडी असतात ना, त्यांचे कान बघायला हवेत तुम्ही. आपल्या तालमीतल्या पैलवानांचे असतात तसे, चुरमडून मोदक झालेले. पहिल्या वर्षी सामना संपल्यावर असा एक आडदांड गडी कठड्यापाशी आला आणि चिखलाने माखलेला चेंडू त्याने चिऊच्या हातात दिला. ती तेव्हा नऊ वर्षांची. ती त्याच्या कानाकडे बघत राहिली आणि मी सांगलीच्या वासाकडे: घाम, तांबडी माती, आयोडीन. आमच्या अंगणात हा वास वर्षानुवर्षं होता.

आणि आई, हे ऐक. इतक्या धटिंगणांमध्ये पंचाशी फक्त कर्णधार बोलतो, तोही "सर" म्हणून. बाबा, तुमच्या संघाने एकदा पंचाला विहिरीपर्यंत पळवलं होतं म्हणे. काकांनी सांगितलंय, नाही म्हणू नका.

२८ जूनला इथल्या व्यावसायिक लीगचा, मेजर लीग रग्बीचा, अंतिम सामना होता. २०२३ चा शिकागोजवळ झाला होता, सान डिएगोविरुद्ध २५-२४, एका गुणाने जिंकलो. २०२४ चा थेट सान डिएगोत, सिॲटलविरुद्ध २०-११. दोन्ही आम्ही घरात बसून पाहिले. यंदाचा मात्र पॉटकेटला, ऱ्होड आयलंडमध्ये, गाडीने तासाभराच्या अंतरावर. मग काय, दशम्या, चटणी, थर्मास घेऊन निघालो. जावई वाटभर म्हणत होते, हे काय सहलीला चाललोय? समोर होता ह्यूस्टनचा संघ, सेबरकॅट्स. २८-२२ ने जिंकलो. ओळीने तीन वर्षं विजेतेपद या लीगमध्ये आजवर कोणी मिळवलं नव्हतं. सिॲटलने पहिली दोन, २०१८ आणि २०१९ ची, पटकावली होती, तिथेच त्यांची गाडी अडली. शेवटची दहा मिनिटं मी पाहिलीच नाहीत, चिऊच्या पाठीमागे तोंड लपवून बसले होते. आई, तू वर्ल्ड कपला देवघरात जाऊन बसायचीस ना, तेच.

पॉटकेटला आणखी एक गंमत. नवं कोरं स्टेडियम नदीकाठी आहे, आणि त्याच गावात स्लेटर मिल आहे, १७९३ ची. पाण्याच्या जोरावर कापसाचं सूत काढणारी अमेरिकेतली पहिली यशस्वी गिरणी. बाहेरून पाहिली फक्त. इचलकरंजीतला आप्पांचा माग आठवला. आई, तू असतीस तर रग्बी सोडून आत गेली असतीस.

आता पैशाचं. बाबा विचारतीलच. फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांचे आकडे तुम्ही पेपरात वाचता, ते इथे विसरा. या लीगमध्ये बऱ्याच जणांना हंगामाबाहेर दुसरं काहीतरी करावं लागतं. लीगचंही तसंच, आज आहे, उद्याचा भरवसा नाही. २०१८ ला सात संघांनी सुरू झाली. २०२० चा हंगाम कोविडने मध्येच बंद पाडला, नेमकं ते आमच्या गड्यांचं पहिलं वर्ष. २०२१ चा विजेता लॉस एंजलिसचा संघ, तो पुढच्याच वर्षी बाद फेरीआधी अपात्र ठरवला आणि नंतर लीगमध्ये दिसलाच नाही. २०२२ चा विजेता न्यूयॉर्कचा, तो २०२३ नंतर बंद झाला. टोरांटो गेलं, डॅलस गेलं. म्हणून जिंकल्यावर आमच्या बाकड्यावरचे आजोबा म्हणाले, "आता पुढच्या मार्चला दिसलो म्हणजे झालं." ते स्वतःच्या वयाबद्दल म्हणत होते की संघाबद्दल, कळलं नाही.

तर चिऊचं. तिला हे खूळ एकट्या फ्री जॅक्सनी लावलेलं नाही. गेल्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी सेव्हन्स म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीत शेवटच्या क्षणी ऑस्ट्रेलियाला १४-१२ हरवून कांस्यपदक आणलं. त्यातली इलोना माहेर शेजारच्याच व्हरमॉन्टची, तिचा फोटो पोरीच्या कपाटावर आहे. आडनाव वाचून आई, तू म्हणाली होतीस, "हिला तर माहेर घेऊनच फिरायला मिळतं." आणि तुमच्याकडेही काही कमी नाही. याच जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, टीव्हीवर होती. बाबांनी पाहिली असणार आणि कबूल करणार नाहीत.

भीती मलाही वाटते. खोटं कशाला सांगू. आमच्याच संघातला ले रू मालन हा नामिबियाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध खेळताना त्याच्या पायाला इतकी भयानक दुखापत झाली की मी टीव्ही बंद केला. तो परतला, पुन्हा आमच्यासाठी खेळला, चिऊने त्याच्यासाठी घसा बसवून घेतला. मला मात्र तो पळायला लागला की त्याचा पायच दिसायचा. डोक्याला लागल्याचा संशय आला तर डॉक्टर गड्याला लगेच बाहेर नेतात, प्रश्न विचारतात, तोल बघतात, आणि ते नाही म्हणाले तर नाही. हे चांगलंच आहे. पण त्याची गरज पडते, हेही मी पाहिलंय.

बाबा, तुमच्या डाव्या गुडघ्याबद्दल तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. आईकडून तुकडे तुकडे कळलं: कुठलीशी जिल्ह्याची मॅच, दुहेरी पकड, बैलगाडीतून घरी. मग एस.टी.ची नोकरी, आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला सायकल टेकवून उभं राहणं. मला सोबत न्यायचात. शेंगा घेऊन द्यायचात. मी विचारायची, "बाबा, तुम्ही का नाही खेळत?" आणि तुम्ही म्हणायचात, "शेंगा संपव." रविवारी तुम्ही उठून गेलात तेव्हा मला वाटलं रागाने गेलात. परवा रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं, तसं नसेल.

गावातल्या मुलींच्या क्लबचा फॉर्म फ्रिजवर चिकटवलाय, सही व्हायची आहे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुदत. पहिलं वर्ष बिनापकडीचं, कमरेला पट्ट्या लावून खेळतात, पट्टी ओढली की गडी थांबला. पकड नंतर शिकवतात. पण चिऊ कुठली थांबायला! दिवाणखान्यात सोफ्याच्या उशांना धरून पाडत असते. काल माझ्या लक्षात आलं, ती डोकं समोर घालते. मी म्हटलं, बाजूला ठेव, तर म्हणे, "तुला काय माहीत? तू कधी खेळलीस?" बरोबर आहे तिचं, मी शेंगाच खाल्ल्या.

तर बाबा, येत्या रविवारी फोन तुम्ही घ्या. आईला म्हणावं, पाच मिनिटं फोन सोड. पकड करताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, ते तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय. कॉटवरून उठायला लागेल, दाखवायला. आईला आधाराला उभी करा. आणि नकोच म्हणायचं असेल तर तेही तिलाच सांगा, मला नको.

खिचडी करायला उठते. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण केलीय.

तुमची,
मनू