मंत्रिमहोदय, परवानगीला मुदत आहे, तशी आमच्या पैशांनाही द्या

प्रति,
मा. पर्यटन व संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची. रामबागेत लहानाची मोठी झाले. बाहेरून इथे शूटिंगला येणाऱ्या चित्रपटांच्या, मालिकांच्या आणि वेब सिरीजच्या युनिटसाठी मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून काम करते. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे लिहिते आहे ते इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांसाठी. या घरांतली कितीतरी मुलं-मुली आता या धंद्यात येत आहेत, आणि काम मिळालं या आनंदात एकही कागद हातात न घेता सेटवर उभी राहतात.

जे चांगलं झालं ते आधी सांगते. एका रस्त्यावर शूटिंग करायचं तर पूर्वी कलेक्टर कचेरी, पोलीस, निगम म्हणजे महापालिका, वीज कंपनी अशी दारोदार फाईल फिरवावी लागे. आता अर्ज ऑनलाइन होतो, परवानगी किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं आहे, आणि निर्मात्याला अनुदानही मिळतं. चंदेरी, महेश्वर, मांडू, सिहोरजवळची खेडी पडद्यावर दिसू लागली ती त्यामुळेच. ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मध्य प्रदेश सर्वाधिक चित्रपटस्नेही राज्य ठरलं, तेव्हा आमच्यासारख्यांनाही तो मान आपला वाटला होता.

आमचं काम पडद्यावर दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दिग्दर्शकाला राजवाड्यासमोर मोकळा रस्ता हवा असतो. शेजारच्या सराफा बाजारातल्या खाण्याच्या गाड्या आवरेपर्यंत रात्रीचे दोन वाजून जातात आणि उजाडलं की पुन्हा वर्दळ सुरू. मधल्या तीन-चार तासांत सीन उरकायचा. जनरेटरची गाडी अशा गल्लीत लावायची की तिची घरघर साउंडवाल्याला नको आणि झोपलेल्या घरांनाही नको. निगमची सफाईची गाडी कधी येते ते आधीच विचारून ठेवायचं. सगळ्या युनिटचे पोहे पहाटे पाचला गरम पोचले पाहिजेत. सीनमध्ये लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, दिवसाला पाच तासांच्या वर आणि सलग तीन तासांच्या वर त्याला थांबवायचं नाही, आणि ‘एवढा एकच शॉट’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं धैर्यही हवं. हे सगळं आदल्या रात्रीच्या कॉलशीटवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी कधी कुठे पोचायचं त्या तक्त्यावर, बसवायचं आणि आभाळ भरून आलं की रात्रीतून नवी कॉलशीट काढायची. मला हे काम मनापासून आवडतं. ते सोडायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे.

अडचण पैशांची आहे. बाहेरून येणारी कंपनी जी आगाऊ रक्कम देते ती डिझेल, हॉटेल आणि कलाकारांत संपते. बाकी सगळं शूटिंग उधारीवर उभं राहतं, आणि ती उधारी कंपनीच्या नावावर मिळत नाही. मांडववाला, टेम्पो ट्रॅव्हलरवाला, पाण्याचे जार पोचवणारा, जुनं फर्निचर भाड्याने देणारा, गर्दीच्या सीनला माणसं आणणारा को-ऑर्डिनेटर, यांच्यातलं कुणीही कंपनीला ओळखत नाही. ते मला ओळखतात. ‘मॅडम, तुम्ही आहात ना, मग झालं,’ एवढ्या बोलण्यावर गाडी दारात येऊन उभी राहते. पॅक-अप झालं की युनिट निघून जातं. मी इथेच असते.

काही वर्षांपूर्वी एका वेब सिरीजचं मोठं शेड्यूल इथे झालं. शेवटच्या आठवड्यात सगळी बिलं ‘मुंबई ऑफिसला पाठवली’ असं कळलं. पुढे अकाउंटंट बदलला. मग ‘प्लॅटफॉर्मकडून हप्ता यायचाय’ हे उत्तर सुरू झालं, आणि नंतर फोन उचलणंच बंद. सिरीज प्रदर्शित झाली, शहरात तिची होर्डिंग लागली, तरी ट्रॅव्हलरवाल्याचे पैसे आले नाहीत. त्याची गाडी कर्जावरची होती. हप्ते थकले, त्याने ती विकली, आणि आज तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. युनिटमधल्या स्थानिक मुलांचं वेगळं. कुणी आर्ट डिपार्टमेंटला, कुणी कपडेपटात, कुणी सहायक दिग्दर्शकांच्या हाताखाली. टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे मिळतात हे इतकं रुळलं आहे की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आई-वडिलांच्या घरी राहणारा मुलगा तीन महिने काढतो. खोलीचं भाडं भरणारी मुलगी काढू शकत नाही, आणि ती हा धंदा सोडून जाते. हुशार मुली अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. त्यानुसार पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी काम घेण्याआधी ‘उद्यम’ ही सरकारकडची लघुउद्योग नोंदणी हवी, लेखी ऑर्डर हवी, आणि जिच्याविरुद्ध दाद मागायची ती कंपनी तरी शिल्लक हवी. कित्येकदा एका प्रकल्पापुरतीच कंपनी काढलेली असते. कामगारांसाठी १९८१चा सिने कामगार कायदा होता, तो फक्त कथाचित्रपटांपुरता. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत मालिका, वेब सिरीज, रिॲलिटी शो सगळे आले. कामाचं स्वरूप, वेतन, तास आणि सुरक्षितता लिहिलेला करार करायचा आणि तो अधिकाऱ्याकडे नोंदवायचा, असं त्यात आहे. इंदूरमध्ये मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात असा करार मी अजून पाहिलेला नाही.

इथे आपण मध्ये पडू शकता, कारण परवानगी आणि अनुदान दोन्ही आपल्या खात्याच्या हातात आहे. अनुदानासाठी खर्चाचा हिशोब सनदी लेखापालाकडून तपासून घेतात. बिलं खरी आहेत हे त्यातून समजतं. बिल देणाऱ्याच्या हातात पैसे पडले का, हे माझ्या ओळखीच्या एकाही वेंडरला कुणी कधी विचारलेलं नाही. पैशांबाबत मागणी एवढीच आहे की अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्या शूटिंगची नोटीस जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तीस दिवस लावावी आणि ज्याचं येणं बाकी असेल त्याने ते कागदानिशी कळवावं. खरं निघालं तर तेवढी रक्कम अनुदानातून परस्पर त्याच्या खात्यात जावी. जे निर्माते अनुदान मागत नाहीत त्यांच्याकडून परवानगीच्या वेळीच अनामत घ्यावी, आणि इथल्या लोकांची देणी फिटल्यावर परत करावी. यामुळे निर्माते शेजारच्या राज्यांत जातील, असं आपल्याला सांगितलं जाईल. ज्यांचे व्यवहार चोख आहेत असे निर्मातेही मी खूप पाहिले आहेत. शेवटच्या दिवशी सेटवर टेबल मांडून सगळ्यांचा हिशोब पुरा करणारे. त्यांना या अटीचा काही त्रास होणार नाही.

आता कामाच्या तासांविषयी. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, पण ती कॅमेऱ्याची. ड्रायव्हर पहिल्या माणसाला घ्यायला सगळ्यांच्या आधी निघतो आणि शेवटच्या माणसाला सोडून सगळ्यांच्या नंतर झोपतो. इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर, मध्ये घाट. हॉटेलचं भाडं वाचवायला युनिट रोज ये-जा करतं तेव्हा त्याच्या झोपेला चार तास उरतात. मोटार कामगारांना दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१च्या कायद्यातच घातलेली होती. मांडूच्या भिंतींना धक्का लागू नये म्हणून परवानगीत अटी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. त्याच कागदावर दोन शिफ्टमध्ये निदान दहा तासांची विश्रांती आणि रात्रीच्या परतीला वेगळा ड्रायव्हर, एवढं लिहिता येईल. प्रॉडक्शन मॅनेजरने हे मागितलं तर तो ‘खर्च वाढवणारा’ ठरतो. कागदावर असेल तर त्याला मागावं लागणार नाही.

आणि नर्मदा. हे मी विशेष कळकळीने लिहिते. ओंकारेश्वर, महेश्वरचे घाट कॅमेऱ्यात फार सुंदर दिसतात, म्हणून क्रेन आणि लाइट अगदी खालच्या पायऱ्यांपर्यंत नेले जातात. वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही वीजनिर्मितीची धरणं आहेत, आणि पाणी सोडलं की खालची पातळी वाढते. ७ एप्रिल २००५ला भूतडी अमावस्येच्या जत्रेत, देवास जिल्ह्यातल्या धाराजीला, इंदिरा सागरचं पाणी रात्री आलं आणि साठाहून अधिक भाविक वाहून गेले. जत्रेची खबर धरणावर नव्हती आणि धरणाची जत्रेत नव्हती. आजही आमच्या युनिटला पाणी सोडण्याची वेळ अधिकृतपणे कुणी कळवत नाही. मी ओळखीच्या नावाड्यांना विचारते. नदीकाठच्या प्रत्येक परवानगीबरोबर धरणाच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक मिळावा, शूटिंगची तारीख तिथे कळवली जावी, आणि घाटावर जीवरक्षक व नाव सक्तीची असावी.

बायकांच्या सोयीबद्दल थोडक्यात. व्हॅनिटी व्हॅन कलाकारांसाठी असते. कपडेपट, मेकअप, सहायक आणि गर्दीच्या सीनसाठी आलेल्या बायका दिवसभर पाणी न पिता काढतात. इंदूर निगमकडे चलित शौचालयं आहेत. रीतसर भाडं घेऊन ती परवानगीबरोबरच द्यावीत, आणि बाकीच्या जिल्ह्यांतही अशी व्यवस्था व्हावी.

पावसाळा सरला की युनिट येऊ लागतील. त्याआधी इंदूरला एक बैठक बोलवावी. तिला नुसते निर्माते आणि हॉटेलवाले नकोत. ट्रॅव्हलरवाले, मांडववाले, को-ऑर्डिनेटर, सेटवर चहा-पाणी बघणारे स्पॉट दादा, कपडेपटातल्या मुली यांनाही बोलवा. श्रम विभागाचे आणि धरणाचे अधिकारी असावेत. मी येईन, आणि थकलेल्या बिलांच्या प्रती, ज्यांची आहेत त्यांच्या परवानगीने, बरोबर आणीन.

आपली,
इंदूरची एक प्रॉडक्शन मॅनेजर