चष्मा लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही

नमस्कार संपादक साहेब,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मेंदूवरचा लेख वाचला, चांगला होता, पण एका वाक्याशी जो अडकलो तो अडकलोच. लेखक म्हणतात डोळ्यांनी बघितलेलं मेंदूच्या एका खात्यात जातं, कानांनी ऐकलेलं दुसऱ्या, आणि मग वरचे साहेब दोन्ही फायली एकत्र करतात. वाचायला मस्त, पण समोर कुणी बोलत असतं तेव्हा तरी मेंदूचा कारभार असा चालत नाही हो.

माझा डावा कान बरीच वर्षं कमी ऐकतो. चष्मा काढलेला असताना बायको काही बोलली की मी म्हणतो, थांब, आधी चष्मा लावू दे, ऐकू येत नाहीये. पोरं खिदळतात. पण मी काही येडा नाही, 1954 सालीच सम्बी आणि पोलॅक या दोन संशोधकांनी मोजून दाखवलंय की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द कितीतरी जास्त कळतात, आणि गोंगाट जेवढा जास्त तेवढा चेहऱ्याचा आधार जास्त. आणि 1976 चा मॅकगर्क आणि मॅक्डोनाल्डचा प्रयोग तर कुणालाही मोबाईलवर बघता येईल. आवाज ‘बा’ चा, ओठ ‘गा’ म्हणणारे, आणि बऱ्याच जणांना ऐकू येतं ‘दा’! डोळे मिटले की परत ‘बा’. ट्रिक माहीत असून पण मी दर वेळी फसतो.

आता माकडांकडे येतो, कारण त्याच लेखात त्यांच्या तोंड वेडंवाकडं करण्याला माकडचेष्टा म्हणून सोडून दिलंय, ते मला जास्त लागलं. ऱ्हीसस माकडं मऊ ‘कू’ असा आवाज काढतात तेव्हा ओठांचा चंबू करतात, धमकी देताना तोंड उघडून डोळे रोखतात, म्हणजे प्रत्येक आवाजाला त्याचा चेहरा ठरलेला. 2003 मध्ये घझनफर आणि लोगोथेटिस यांनी माकडासमोर शेजारी-शेजारी दोन व्हिडिओ लावले, एकात चंबू आणि दुसऱ्यात धमकी, आणि मधल्या स्पीकरवर दोन्हीपैकी एकच आवाज. काही शिकवलेलं नाही, बक्षीस नाही, तरी माकडं ज्या चेहऱ्याला तो आवाज शोभतो त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसली.

पण खरी मजा 2005 च्या कामात आहे आणि माझा मुद्दा तोच आहे. याच मंडळींनी माकडाच्या ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये, म्हणजे जो भाग आपण ‘ऐकण्याचा’ म्हणून शिकलो तिथे, इलेक्ट्रोड लावून बघितलं. नुसत्या आवाजाला पेशी जसा प्रतिसाद देतात तो सोबत चेहरा दाखवल्यावर बदलला, कुठे वाढला, कुठे उलटा कमी झाला. मग चेहरा काढून त्याजागी तोंडासारखी लहान-मोठी होणारी नुसती चकती दाखवली तर तेवढा फरक पडेना. म्हणजे काहीतरी हलतंय एवढं पुरत नाही, चेहराच लागतो! पुढे 2008 मध्ये दिसलं की हा ‘ऐकण्याचा’ भाग आणि चेहरे-हालचाली ओळखणारी सुपिरियर टेम्पोरल सल्कस नावाची मेंदूची घडी यांचं आपसात बोलणं चेहरा-आवाज एकत्र आल्यावर वाढतं. त्यामुळे वरच्या साहेबांपर्यंत फाईल जायच्या आधीच खाली मिसळामिसळ सुरू झालेली असते. वर कपाळामागच्या भागातही चेहरा आणि आवाज दोन्हींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत, ते मी नाकारत नाही, पण सगळं तिथेच होतं असं नाही ना.

आता तक्रार. माणूस बोलतो तेव्हा तोंड आवाजाच्या आधी हलायला लागतं, साधारण 100 ते 300 मिलिसेकंद आधी, आणि तेवढ्यात मेंदू तयारीत बसतो. तुमच्या वेबसाईटवरच्या मुलाखतींच्या व्हिडिओत हल्ली आवाज आधी येतो आणि ओठ मागून. ज्यांचे कान धड आहेत त्यांना कदाचित खटकत नसेल, मला मात्र अर्धं वाक्य कळत नाही, आणि मग मी डोळे मिटून ऐकतो, त्यात आणखी कमी कळतं. लेखातलं ते वाक्य दुरुस्त करायचं की नाही ते तुम्ही बघा, पण ते व्हिडिओ अपलोड करणाऱ्याला आधी एकदा ओठांकडे बघायला सांगा प्लीज.

आपला,
एक जुना वाचक